अर्ध्या सेंटिमीटरात ऐंशी

समजा, तुमचाच फोन तुमच्या समोर टेबलावर पडलाय. त्याच्यावरचा स्क्रीनगार्ड काढून टाका. पडद्यावर एक पूर्ण हिरवं चित्र उघडा, म्हणजे या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत हिरव्याशिवाय काही दिसणार नाही. आता काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा घ्या आणि ब्लेडने त्यात बरोबर पाच मिलिमीटर लांबीची चीर पाडा. ती चीर पडद्यावर आडवी ठेवा. साठपट मोठं दाखवणारं, खिशात मावणारं भिंग तिच्यावर धरा. इतका वेळ सलग वाटणारा हिरवा रंग फुटेल आणि बारीक हिरव्या काड्या दिसतील, एकीशेजारी एक, मध्ये काळी फट. डाव्या टोकापासून मोजायला लागा. श्वास जरा रोखून धरा, श्वासानेही भिंग हलतं. तिशी ओलांडली की नजर घसरते आणि पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागते.

माझी मामेबहीण जयमाला हिने गेल्या शिमग्यात म्हसळ्याच्या एसटी स्टँडासमोर एका सकाळीत सव्वीस फोन असे मोजले. विज्ञानाच्या आवडीने नाही. तिला एका माणसाला भर बाजारात उघडं पाडायचं होतं.

जयाताई आमच्या घराण्यातली हातात स्क्रू-ड्रायव्हर धरणारी पहिली बाई. रावजीमामांची भातशेती, बायजामामींचं सगळं आयुष्य लावणी-कापणीत गेलं. ताईने आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स केला तेव्हा भावकीतले हिरामणकाका म्हणाले होते, "पोरीनं स्क्रू काय धरायचा, लाटणं धर." ताईने ते लक्षात ठेवलं. सात वर्षांनी काका बंद पडलेला फोन घेऊन तिच्याकडे आले. तिने फोन उघडला, त्याचे अकरा बारीक स्क्रू काकांच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाली, "धरा काका. एक जरी पडला तरी फोन जोडता येनार न्हाय." काका तासभर हात न हलवता बसले. स्क्रू ठेवायला तिच्याजवळ चुंबकाची वाटी होती. ती ड्रॉवरमध्येच राहिली.

तर ताई अशी आहे.

म्हसळ्यात स्वप्निलचं मोबाइलचं दुकान आहे. ताईने तिथे तीन वर्षं काम केलं. चार्जिंगची जागा, बॅटरी, स्पीकर, डिस्प्ले, सगळं तीच करायची. आमच्या भागात घराघरातलं कोणी ना कोणी मुंबईला किंवा आखातात असतं. ते सुट्टीला येताना फोन आणतात, आणि घरचे ते फोन विहिरीवर, होडीत, शेतात आपटतात. त्यामुळे डिस्प्लेचं काम बारमाही. आमच्याकडची एक रीत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. काढलेला जुना डिस्प्ले कोणी परत मागत नाही. फुटलेली काच घरात ठेवू नये म्हणतात, म्हणून सगळे तो दुकानातच टाकून जातात. पुष्कळदा फक्त वरची काच तडकलेली असते आणि आतला पडदा धडधाकट असतो, हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

त्या शिमग्याआधीच्या आषाढात ताई लावणीसाठी चार दिवस रजेवर होती. त्याच दिवसांत निवृत्त शिक्षक सीताराम गुरुजी आपला काच तडकलेला फोन दुकानात देऊन गेले. पुढे श्रावणात गुरुजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नव्या डोळ्याने त्यांनी फोन पाहिला आणि तडक दुकानात आले. अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसतात म्हणाले. हा माझा पडदा नव्हे म्हणाले. दुकानाच्या पायरीवर पाचपंचवीस माणसं जमली.

स्वप्निलने क्षणभरही विचार केला नाही. "गुरुजी, तुमचा फोन हिनं उघडलेला. चांगला डिस्प्ले काढून हिनंच विकला असनार. मला पन आजच कळतंय, घरात चोर पाळला व्हता मी."

"मी तेव्हा लावणीला होते," ताई म्हणाली.

"आलीस तेव्हा उघडलास. कोन बघायला बसलंय?"

गुरुजींनी ताईकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाळ, चोरी वाईट." तेवढंच. पण गुरुजींचा शब्द म्हणजे गावात शिक्का. संध्याकाळपर्यंत वाडीवर बातमी पोचली. गावकीच्या बैठकीत रावजीमामांना विचारणा झाली. मामा मान खाली घालून बसून राहिले. त्यानंतर एकाही दुकानदाराने ताईला उभं केलं नाही. पोरं तिच्या पाठीमागे "डिस्प्ले, डिस्प्ले" म्हणून हाका मारायची.

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून थळकडे एका कारखान्यात लागलेली. गणपतीला गेले तेव्हा ताई ओटीवर बसून होती. तिने मला पाणीही विचारलं नाही.

"पूनम, पडदा बदललाय हे आकड्यानं सिद्ध करता येतं?"

"येतं. पडद्याची घनता काढायची."

"शिकव."

मी कागद घेतला. गुरुजींचं मॉडेल तिला पाठ होतं. त्याच्या पडद्यावर आडव्या ओळीत एक हजार ऐंशी ठिपके आणि उभ्या ओळीत दोन हजार चारशे. हे ठिपके म्हणजे पिक्सेल. पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजला तर साडेसहा इंच. आता या तिरक्या रेषेत ठिपके किती? शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा. दोन्ही बाजूंचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. दोन हजार सहाशे बत्तीस येतात. त्याला साडेसहाने भागा. चारशे पाच. म्हणजे एका इंचात चारशे पाच ठिपके.

बायजामामी भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. "म्हंजे दाट लावनी नि इरळ लावनी."

"व्हय मामी. एका इंचात रोपं किती, तेवढंच बघायचं. शेत मोठं असलं म्हणून पीक दाट होत नाही."

"मग ह्यात काय कालिज शिकायचं?" मामी म्हणाल्या.

ताईने दोन दिवसांनी फोन केला. तिचा आवाज बसलेला होता. गुरुजींच्या पुतण्याला गाठून तिने तो फोन पाच मिनिटं हातात घेतला होता. सेटिंगमध्ये जाऊन आकडे पाहिले. एक हजार ऐंशी, दोन हजार चारशे. भागाकार केला. चारशे पाच.

"पूनम, पडदा मूळचाच हाय. म्हंजे म्हातारा खुळा आनि मी उगाच बदनाम."

मला हसू आलं, पण ते मी गिळलं. "ताई, तो आकडा फोन स्वतःच्या डोक्यातला सांगतो. त्याला वाटतं की पडदा अजून तोच आहे. सातबाऱ्यावर एक एकर लिहिलंय म्हणून शेतात एक एकर भात उभं आहे असं होतं का? बांधावर जाऊन मोजावं लागतं."

तिला ते पटलं. मग म्हणाली, "कशानं मोजायचं?"

मी तिला भिंग पाठवलं आणि पुठ्ठ्याच्या चिरेची युक्ती सांगितली. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवी, निळी अशी एकेक काडी असते, म्हणून फक्त हिरव्या मोजल्या की पिक्सेल मोजले गेले. पाच मिलिमीटरमध्ये जेवढ्या येतील त्यांना पाच पूर्णांक आठ शतांशाने गुणलं की इंचाचा आकडा. गुरुजींच्या मॉडेलमध्ये ऐंशी यायला हव्यात.

तिने पुन्हा पुतण्याला गाठलं. तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा त्रेपन्न.

त्रेपन्न म्हणजे इंचाला दोनशे सत्तर. बाजारात असे नकली पडदे मिळतात, आकाराने अगदी तेच, पण आडव्या ओळीत सातशेवीसच ठिपके. फोन पाठवतो एक हजार ऐंशी, पडदा ते कसेबसे सातशेवीसमध्ये कोंबतो. हातभर लांबून फरक कळत नाही. मोतीबिंदू काढलेल्या ताज्या डोळ्याला कळतो.

"जा आणि गुरुजींना दाखव," मी म्हणाले.

"न्हाय. एका फोनात त्रेपन्न निघाले तर तो म्हनेल मीच घातला. मला त्याचे सगळे फोन पायजेत. मी दुकान सोडल्यानंतरचे. आनि पायरीसमोर पायजेत. जिथं तो बोलला तिथंच."

ती सहा महिने थांबली. भाद्रपद ते फाल्गुन. घरी बसून ती वाडीतले जुने फोन मोजून हात बसवत होती. शेवटी शेवटी तिला एका दमात ऐंशीपर्यंत जाता यायचं. मी तिला आमच्याकडे चालणाऱ्या तीसेक मॉडेलांची यादी करून दिली, प्रत्येकापुढे पाच मिलिमीटरमध्ये मूळच्या किती काड्या हव्यात तो आकडा.

तिने धुळवडीचा दिवस निवडला त्याला कारण होतं. शिमग्यात चाकरमानी गावी येतात, स्टँड माणसांनी फुललेला असतो. आणि शिमग्यात कोणाच्या नावाने बोंब मारली तर त्याने राग धरायचा नाही, ही सगळ्यांनी मानलेली गोष्ट. एरवी पोलिसात जाईन म्हणणारा माणूसही त्या दिवशी ऐकून घेतो.

स्वप्निलच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे जीवनची चहाची टपरी आहे. सकाळी आठ वाजता ताईने तिथे टेबल मांडलं. पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं, 'डिस्प्ले खरा की खोटा, फुकट मोजून मिळेल.' शेजारी खुर्ची टाकली आणि स्वतः जाऊन सीताराम गुरुजींना घेऊन आली. मी शिमग्याला गावी आलेली, यादी घेऊन तिच्या बाजूला बसले.

"गुरुजी, मी मोजनार, तुम्ही लिहायचं. त्या दिवशी तुम्ही चोर म्हनालात. आता आकडे पन तुमच्याच हातचे पायजेत."

गुरुजींनी टोपी सारखी केली आणि पेन उघडलं.

पहिला फोन त्यांचाच. ताईने मोठ्याने मोजलं. त्रेपन्न. "किती पायजेत?" "ऐंशी," मी यादी बघून सांगितलं. गुरुजींनी दोन्ही आकडे लिहिले आणि मग बराच वेळ त्या कागदाकडेच पाहत राहिले.

मग मुंबईहून आलेला प्रणय पुढे झाला. "माझ्या आईचा बघ ना. दिवाळीत टाकलाय, यहीं से."

"दिवाळीत मी दुकानात होते?"

"नाय. तुला तर श्रावणात हाकलली ना."

"हे पन लिहा गुरुजी." तिने भिंग टेकवलं. बावन्न. हवे होते अठ्ठ्याहत्तर.

कोणीतरी तोंडावर हात आपटून बोंब ठोकली. दुसऱ्याने साथ दिली. तिसऱ्या फोनला सगळा स्टँड मोजत होता, पन्नास, एक्कावन्न, बावन्न, आणि मोजणी थांबली की बोंब. समोर पायरीवर स्वप्निल आला. हात कमरेवर.

"काय धंदे लावलेस गं?"

"शिमगा हाय रे, राग धरू नको," जीवन चहा गाळता गाळता ओरडला. सगळे हसले.

एका म्हातारीच्या फोनात बावन्न निघाले तेव्हा पोरांनी बोंबेसाठी हात वर केले. ताईने हात आडवा धरला. "थांबा. हा स्वस्तातला फोन हाय, ह्याचे मूळचेच बावन्न. हिचा डिस्प्ले खरा हाय. खोटी बोंब मारलीत तर खरीला कोन इचारनार न्हाय." म्हातारी फोन छातीशी धरून गर्दीतून बाहेर गेली. त्यानंतर ताईच्या आकड्यावर कोणाचा संशय राहिला नाही. त्या एका बावन्नाने तिचं जेवढं काम केलं तेवढं आधीच्या आठ फोनांनी मिळून केलं नव्हतं.

दहा वाजेपर्यंत पंधरा फोन झाले. त्यांतले स्वप्निलच्या दुकानात डिस्प्ले बदललेले अकरा, गुरुजींचा सोडून सगळे श्रावणानंतरचे. अकराही विरळ. मग कमळाबाई पुढे आली. मासळी विकते, ताईला लहानपणापासून ओळखते.

"माझा गेल्या वैशाखातला हाय. तूच बसवलास, माझ्या डोळ्यांसमोर."

ताईचा चेहरा उतरला. मी तिच्या शेजारीच होते, मला दिसलं. तिने भिंग ठेवलं. त्रेपन्नला काड्या संपल्या. ती पुन्हा मोजायला लागली. या वेळी कोणी तिच्याबरोबर मोजलं नाही. पुन्हा त्रेपन्न.

स्वप्निल पायरी उतरून रस्ता ओलांडून आला. त्याला हवं होतं ते सापडलं होतं. "बगा! आता? मी सांगत व्हतो न्हाय? कुनाचे हात ते?"

"लिहा गुरुजी," ताई म्हणाली. तिने आवाज खाली आणला नाही. "कमळाबाई. त्रेपन्न. बसवनारी जयमाला. दुकानातून जे हातात दिलं ते बसवलं. तेव्हा मला मोजता येत नव्हतं."

"येत नव्हतं म्हने! चोराचं नाटक!" स्वप्निलने खिशातून स्वतःचा फोन काढला आणि टेबलावर आपटला. "हा पन मोज. माझ्याच दुकानातला माल हाय. ह्यात पन त्रेपन्नच सांगशील, तुझं भिंगच खोटं हाय!"

ताईने फोन उचलला. उलटा करून मॉडेल पाहिलं. ते गुरुजींचंच मॉडेल होतं. मग तिने गर्दीकडे पाहिलं. "हा ह्याचा फोन गणपती इसर्जनात दगडावर पडून फुटला व्हता ना?"

"व्हय, माझ्याच पायाशी पडला," जीवन म्हणाला. "काचेचा भुगा झालेला."

"नवा डिस्प्ले कुनी टाकला?"

"मी स्वतः टाकला," स्वप्निल छाती काढून म्हणाला. "मला काय तुझी गरज?"

तिने चीर ठेवली, भिंग टेकवलं आणि मोजायला सुरुवात केली. पन्नासनंतर पोरांनी बोंबेची तयारी केली. एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न. चोपन्न. हात हवेतच राहिले. साठ. सत्तर. आता माणसं कुजबुजत मोजत होती. स्वप्निलच्या लक्षात यायला सत्तरच्या पुढे जावं लागलं. त्याने फोनकडे हात नेला तर गुरुजींनी त्याचं मनगट धरलं. "मोजू दे." पन्नास वर्षांपूर्वी वर्गात असतील तसे ते बोलले.

"ऐंशी," ताई म्हणाली.

तिने फोन उंच धरून सगळ्यांना दाखवला. ती हसत होती. असं हसताना मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं आणि मला ते फारसं बघवलंही नाही. "ह्या दुकानातून निघालेले बारा पडदे आज मोजले. बाराही इरळ. पुरा दाट पडदा एकाच गिऱ्हाइकाला मिळालाय. ह्या मालकाला."

मग जी बोंब उठली ती पालखीच्या ढोलांनीही दबली नसती.

स्वप्निलने फोन हिसकावून घेतला. जवळ वाकून हळू म्हणाला, "जया, झालं ना तुझं? बास कर. माझी चूक झाली."

"इथं न्हाय. पायरीवर."

"अगं माणसं हायत..."

"तेव्हा पन व्हती."

गर्दीने त्याला वाट करून दिली, दुकानाच्या दिशेने, दुसरीकडे जाता येणार नाही अशी. तो पायरीवर चढला. खाली बघत म्हणाला, "गुरुजींचा डिस्प्ले जयमालानं न्हाय घेतला."

"मोठ्यानं!" कमळाबाई ओरडली.

"जयमालानं न्हाय घेतला!"

गुरुजी खुर्चीतून उठले. "मग कोणी घेतला?"

स्वप्निल आत सरकला, त्याने शटर खाली ओढलं आणि तो आतच राहिला. लोक आणखी नऊ फोन मोजून घेईपर्यंत ते उघडलं नाही.

रावजीमामांना गावकीने पुढच्या बैठकीला पहिल्या रांगेत बसवलं. गुरुजींनी वाडीवर येऊन ताईची माफी मागितली. तिने त्यांना चहा दिला आणि साखर घालायची विसरली. खरोखर विसरली का, मी विचारलं नाही. आता टपरीच्या बाजूला तिचं स्वतःचं टेबल असतं. तिच्याकडे डिस्प्ले बदलला की जुना पडदा कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात देते. घरात ठेवू नये म्हणून कोणी कुरकुरलं तर म्हणते, "विहिरीत टाका, पन घेऊन जा." कमळाबाईला तिने नवा खरा पडदा स्वतःहून बसवून दिला आणि श्रावणापर्यंतचे आपल्या हातून गेलेले फोन ती एकेक करून शोधते आहे. स्वप्निलचं दुकान आठ दिवसांनी उघडलं. तो आता फक्त रिचार्ज आणि कव्हर विकतो.

मला वाटलं होतं की एवढ्यावर तिचं समाधान झालं असेल. गेल्या महिन्यात गेले तेव्हा ती टेबलाशी बसून रस्त्यापलीकडे बघत होती. स्वप्निल काउंटरवर तोच फोन बघत बसला होता.

"नाव मिळालं ना परत," मी म्हणाले. "आता सोड."

"गुरुजींनी इचारलं, कोनी घेतला. त्यानं उत्तर दिलं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"आषाढात गुरुजींचा पडदा गेला. भादव्यात ह्याचा फुटला. मॉडेल एकच." तिने भिंग बोटांत फिरवलं. "गुरुजींच्या मूळ पडद्यात ऐंशी. ह्याच्यात पन ऐंशी. पन तसल्या सगळ्याच खऱ्या पडद्यांत ऐंशी असतात, म्हंजे आकडा इथंच थांबतो. तू शिकलेली हायस, पूनम. तो पडदा गुरुजींचाच हाय, हे कशानं मोजायचं?"